खांबाजवळची फळी

लाकडी खांब-तुळयांचा तो जुना मुसाफिरखाना मावशींच्या आईवडिलांनी चालवलेला. आता तिथं चपला-बुटांचं दुकान आहे. मावशी महिन्यातून एकदा यायच्या, तडक माडीवर जायच्या, एखादा जोड घालून खिडकीपासून खांबापर्यंत चालून बघायच्या. खांबाजवळची फळी करकरली की थबकायच्या. लहानपणी दुपारची झोप चुकवून त्या खिडकीकडे निघाल्या की हीच फळी चुगली करायची आणि खालून आई ओरडायची, “झोपली नाहीस अजून?”

मावशी कान देऊन उभ्या राहायच्या. मग “चावतात हो,” म्हणून जोड परत. दुकानदार बिचारा पुन्हा मापाची पट्टी घेऊन बसायचा.

आज त्या तीनदा चालल्या. फळी काही बोलेना.

“कालच सुताराकडून ठोकून घेतली,” दुकानदार खुशीत म्हणाला. “दर वेळी अडखळायचात तुम्ही तिथं. म्हटलं, मावशींना त्रास नको.”

एवढ्या मायेनं केलेल्या कामावर चिडायचं तरी कसं?

“हाच जोड द्या बांधून.”

“चावत नाहीत ना?” त्याचा विश्वासच बसेना.

“चावतात,” मावशी पिशवी उघडत म्हणाल्या. “पण द्या.”