बेंदराच्या दिवशी सोडलेलं कुत्रं

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना ओंडका आहे. लांबी हातभर, जाडी मनगटाएवढी आणि एका टोकाला दोरी ओवायला भोक. माझं कामाचं नाव लोढणं. नाव ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा. सगळं गाव मुरडतं. कुणाचा पाहुणा फार दिवस राहिला, की लोक म्हणतात, काय हे लोढणं गळ्यात पडलं! मी आजवर आपण होऊन कुणाच्या गळ्यात पडलेलो नाही, तरी शिवी माझ्याच नावानं. असो. बाभळीला काटे असायचेच, तेव्हा गोड गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

ओढाळ गुराच्या नाहीतर चावऱ्या कुत्र्याच्या गळ्यात मला अशा बेतानं बांधतात, की मी पुढच्या दोन पायांमध्ये लोंबत राहतो. जनावर चाललं, बसलं, जेवलं, तर त्याला माझा काही त्रास नसतो. ते कुणाच्या अंगावर धावलं, की मी नडगीवर बसतो. मग ते आपोआप थांबतं. एवढंच माझं काम. त्यात काही शोभा नाही, पण त्यानं माणसाची हाडं शाबूत राहतात.

मला घडवलं हैबती धनगरानं. भाटघरच्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात धनगरवाडा आहे, तिथं तो शेरडं-मेंढरं राखून होता. त्याच्यापाशी भुऱ्या नावाचा कुत्रा होता. त्यानं दोनदा बिबट्याला कळपातून हुसकलं होतं. डोंगरावर भुऱ्या मोकळा असायचा. गावात उतरायच्या आधी शेवटच्या उतारावर हैबती थांबायचा, मला त्याच्या गळ्यात घालायचा, गाठ दोनदा ओढून बघायचा आणि मगच गावात पाऊल टाकायचा. एकदा कुणीतरी त्याला हसलं, की बाबा, एवढं गुणाचं कुत्रं, त्याला कशाला लोढणं? तेव्हा हैबती म्हणाला, "रानात ह्याचं दात माझं, तर गावात बी माझंच. कुणाला लागलं तर म्याच चावलो आसं समजायचं."

असा धनी मला पुन्हा मिळाला नाही. भुऱ्या म्हातारा होऊन मेला आणि मी हैबतीच्या खोपटाच्या वळचणीला धूळ खात पडलो.

धरणाचं मोठं काम संपलं त्या साली तिथला एक साहेब मुलूख सोडून निघाला. त्याचा कुत्रा त्याला नेता येईना. आमच्या धरणाकाठच्या गावात रखमाजी म्हणून एक बडं प्रस्थ होतं. दावणीला आठ बैल, बोटं सदा मिशीवर. त्यानं तो कुत्रा मागून आणला. साहेबानं ठेवलेलं नाव टायगर, गावानं त्याचा टायगऱ्या केला. उंचीला माणसाच्या कमरेएवढा, आणि जबडा बघून भल्याभल्यांची पाचावर धारण बसावी.

रखमाजीला त्या भीतीचं भारी कौतुक. त्याच्याकडे येणारा माणूस गल्लीच्या टोकावरूनच हाक मारायचा, "रखमाजी, कुत्रं धरा हो." हा आत बसून हसायचा आणि मुद्दाम अंमळ उशिरा उठायचा. रामरामापेक्षा ती हाक त्याला गोड लागायची. त्यानं त्या मुक्या जिवाला दुसरं काही शिकवलं नाही. रस्त्यानं कुणी गोसावी-फकीर दिसला की छू म्हणायचं आणि मिशीला पीळ द्यायचा, एवढीच त्याची कुत्रं पाळण्याची अक्कल. सांगा बरं, ह्यात कुत्र्यानं काय चांगलं शिकावं?

व्हायचं तेच झालं. टायगऱ्यानं कुंभाराच्या गाढवाचा कान तोडला. गाव कुरकुरायला लागलं. ते हैबतीच्या कानावर गेलं, तेव्हा त्यानं मला वळचणीतून काढलं, तेल चोळलं आणि रखमाजीच्या ओट्यावर आणून ठेवलं. गावाच्या धाकानं रखमाजीनं मला टायगऱ्याच्या गळ्यात घातलं.

पुढची दोन वर्षं मी त्या गळ्यात होतो, म्हणून शपथेवर सांगतो, कुत्रं वाईट नव्हतं. दुपारी ते माझ्यावर हनुवटी टेकून झोपायचं. धावताना मी लागलो, तर थांबून मला हुंगायचं. दोन वर्षांत त्यानं कुणाला ओरखडाही काढला नाही. बायाबापड्या त्या गल्लीनं निर्धास्त पाण्याला जायच्या. पण माझं नाव कुणी घेतलं नाही. लोक म्हणायचे, रखमाजीनं कुत्रं कसं माणसाळवलं बघा!

मग बेंदूर आला. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, पाठीवर झूल घालायची, पुरणपोळी भरवायची आणि दिवस मावळायच्या आत वाजतगाजत मारुतीपुढून मिरवायचं. रखमाजीच्या अंगात त्या दिवशी भूतदया आली. म्हणाला, आज माझ्या दारात कुठल्याच जनावराच्या गळ्यात ओझं नको. त्यानं मला सोडून गोठ्याच्या खुंटीला टांगलं, टायगऱ्याच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा बांधला आणि त्याला बैलांबरोबर मोकळं मिरवायला काढलं. लोक वाहवा करत होते.

सणाला खाली आलेला हैबती तेवढा आडवा आला. म्हणाला, "सण बैलांचा हाय, रखमाजी. कुत्र्याला ताशाची सवय न्हाई. आज तर त्याला बांधून ठेवा." रखमाजी हसला आणि म्हणाला, मेंढक्यानं मला सण शिकवू नये.

मारुतीच्या वाटेवर ठकुबाई राहायची. नवरा गेलेला, एकच बैल, आणि फुला नावाची आठ वर्षांची लेक. मिरवणूक दारावरून चालली, तेव्हा फुला बैलाला भरवायला पुरणपोळी हातात घेऊन उभी होती. ताशा अगदी कानाशी कडाडला. टायगऱ्या बिथरला आणि दिसेल त्या वाटेनं धावला. आधी धावला की नडगीवर कुणीतरी बसायचं. त्या दिवशी बसायला कुणी नव्हतं, मी खुंटीवर होतो. त्यानं फुलाचा दंड धरला. हैबतीनं जबड्यात काठी घालून तो सोडवला, तोवर पोरीच्या दंडाचं मांस लोंबत होतं.

जखमेत मिरची भरायला धावलेल्यांना हैबतीनं हाकललं. त्यानं जखम धुतली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि ठकुबाईसह भोरचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी जखम बांधली आणि पहिला प्रश्न विचारला, कुत्रं जिवंत आहे का? आहे म्हटल्यावर त्यांनी बजावून सांगितलं, की त्याला मारू नका. दहा दिवस बांधून ठेवा, रोज बघा. दहा दिवस ते नीट खात-पीत राहिलं तर ते पिसाळलेलं नाही, पोरीला धोका नाही. पण ते आपसूक मेलं किंवा त्यानं खाणं-पिणं सोडलं, तर त्याच पावली पोरीला पुण्याला न्या.

ठकुबाईनं दुसऱ्या दिवशी रखमाजीच्या दारात येऊन हे सगळं सांगितलं. तिनं भांडण काढलं नाही, दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, की दादा, दहा दिस त्याला जपा. रखमाजीनं मान हलवली. मित्रांनो, त्या बाईनं आपल्या लेकीचा लचका तोडणाऱ्या कुत्र्यासाठी रोज भाकरी आणून टाकली. त्यानं ती खाल्लेली डोळ्यांनी बघितली, की मगच ती शेतावर जायची.

टायगऱ्या गोठ्यात दाव्याला होता आणि मी वर खुंटीवर. दोन दिवस तो जेवला, पाणी प्यायला, शेपूट हलवत राहिला. पण गावात कुजबुज सुरू झाली. दहा दिवस झाले की चावडीवर बसायचं, कुत्रं मोकळं कुणी सोडलं हे विचारायचं, असं चार म्हातारी माणसं बोलायला लागली. ते रखमाजीच्या कानावर आलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दहा दिवसांनी कुत्रं शहाणं ठरलं, तर चूक मालकाची. पिसाळलेलं ठरलं, तर चूक नशिबाची.

तिसऱ्या दिवशी ठकुबाई भाकरी टाकून गेली. टायगऱ्यानं ती खाल्ली आणि खापरातलं पाणी चाटूनपुसून संपवलं. घरातली माणसं भात लावायला खाचरात गेलेली होती. दुपारी रखमाजी एकटा गोठ्यात आला. त्यानं मला खुंटीवरून काढलं. मला बघून टायगऱ्या उठला आणि त्यानं मान पुढे केली. त्याला वाटलं, मला गळ्यात बांधणार.

पुढचं मी सांगणार नाही. तीन वेळा मी खाली आलो, तीनही वेळा मी फुटावं असं मला वाटलं. पण बाभळ फुटत नाही.

मग रखमाजीनं ओरडून माणसं गोळा केली. कुत्रं पिसाळलं होतं, तोंडातून लाळ गळत होती, अंगावर आलं, म्हणून काळजावर दगड ठेवून मारलं, असं त्यानं सांगितलं. डोळ्यांत पाणीही आणलं. हैबती म्हणाला, पिसाळलेलं कुत्रं तीन दिवस असं गप बसून भाकरी खात नाही. पण मेंढरामागं फिरणाऱ्याचं कोण ऐकतो? गावासाठी साहेबाचं कुत्रं मारलं, म्हणून पुढे चावडीवर रखमाजीच्या हातात मानाचा नारळ ठेवला. कुत्रं कुणी सोडलं हे विचारायची बैठक तिथंच मोडली.

त्या दुपारी माणसं गोठ्यात जमली होती, तेव्हाच ठकुबाई खाचरातून चिखलाच्या पायांनी धावत आली. तिनं मेलेल्या कुत्र्याकडे बघितलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी रखमाजीच्या पायाशी पडलो होतो, म्हणून तिचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

"दादा, मला तुमचं काय बी नगं. येवढंच सांगा. आज त्यो पानी पेला व्हता का?"

रखमाजीनं एकदा रिकाम्या खापराकडे बघितलं. एक हो म्हटलं असतं, तर त्या बाईचा जीव भांड्यात पडला असता. लोक आजूबाजूला उभे होते.

"न्हाई," तो म्हणाला. "पानी बघून कापत हुता."

मित्रांनो, मज मेल्याला तोंड नाही, ह्याचं दुःख मला आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

ठकुबाई त्याच पावली लेकीला घेऊन पुण्याला गेली. चौदा दिवस रोज पोरीच्या पोटात सुई टोचून घेतली. तिचं भाताचं रोप इकडे वाफ्यातच पिवळं पडलं. परत आल्यावर उकिरड्यावर फेकलेला मी तिला सापडलो. सरपणाला म्हणून तिनं मला उचललं, पण मी कुऱ्हाडीला दाद देईना, म्हणून दाराला आतून लावायचा अडणा केला. तेव्हापासून मी त्याच घरात आहे आणि सगळं बघतो आहे.

सुया झाल्या तरी भीती गेली नाही. गावातल्या बायांनी ठकुबाईच्या मनात भरवलं, की पिसाळलेल्या कुत्र्याचं विष अंगात दबून राहतं आणि ढग गडगडला की वर येतं. फुलाशी कुणी पोर खेळेना. तिला पाणवठ्यावर घागर बुडवू देईनात. ठकुबाई रोज सकाळी लेकीपुढे पाण्याची वाटी धरायची आणि ती घोट घेईपर्यंत श्वास रोखून बसायची. असं वर्षभर चाललं. एका खोट्या शब्दाची ही करणी. कुत्रं मरेपर्यंत शहाणं होतं, हे साऱ्या गावात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं, एक रखमाजीला आणि एक मला.

पुढच्या वैशाखात वळीव आला. आभाळ असं गडगडलं, की मी दारात थरथरलो. ठकुबाईनं लेकीला कवटाळलं. फुलानं आईचे हात सोडवले, आपणच वाटी भरून घेतली आणि आईसमोर उभं राहून घटाघटा प्यायली. मग तिनं विचारलं, "आये, आता म्या भुंकंन का गं?"

आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं आईला हा प्रश्न विचारावा? कुत्रं तिला एकदाच चावलं होतं.

फुला आज धडधाकट आहे. रखमाजीनंही नवं कुत्रं आणलं आहे, आधीच्यापेक्षा दांडगं. परवा ठकुबाईनं मला पदरात धरून त्याच्या दारात नेलं आणि म्हणाली, दादा, एवढं तरी ह्याच्या गळ्यात घाला. तो म्हणाला, ह्या ओंडक्यानं एक कुत्रं मेलंय, अपशकुनी आहे, घेऊन जा. ती मला परत घेऊन आली. रात्रीचं दार लावायला मी आहेच. दिवसा मात्र ती लेकीला रखमाजीच्या गल्लीनं जाऊ देत नाही.

तेव्हा मित्रांनो, मुक्या प्राण्यांवर दया करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. बेंदराच्या दिवशी मला सोडलं, ती दयाच होती. मी एवढंच मागतो. कुत्रं पाळाल तर त्याचे दात तुमचे समजा, आणि त्याच्या गळ्यात काय हवं ते सणावाराला विसरू नका. त्यातूनही ते कुणाला चावलं आणि कुणाची आई चिखलाच्या पायांनी तुमच्या दारात आली, तर तिला खरं सांगा. तो पाणी प्यायला होता, एवढं म्हणायला फार वेळ लागत नाही.