हद्दीच्या दगडापाशी

हद्दीच्या दगडाअलीकडचा रस्ता नगरपालिकेचा, पलीकडचा राज्याचा. दोघांच्या सांध्यावर खड्डा पडायचा आणि त्याला कुणीच वाली नसायचा. थोरला नगरपालिकेच्या टोळीचा मुकादम, धाकटा राज्याच्या टोळीवर. ज्याच्या गाडीत डांबर-खडी उरेल, त्यानं गुपचूप खड्डा भरायचा, असं दोघा भावांचं ठरलेलं होतं. साहेबलोकांना याचा पत्ताच नव्हता.

"दादा, तुझा रस्ता म्हणजे नुसती ठिगळं," धाकटा थोरल्याकडे जेवायला आला की चिडवायचा.

"आणि तुझा, साहेब यायच्या दिवशी तेवढा नटतो."

आई दोघांना गप्प करायची.

मग दोन्ही कचेऱ्यांना सहकार्याची हुक्की आली. बैठक झाली, चहापाणी झालं, सांध्याचा तुकडा राज्याकडे गेला. साहेबानं थोरल्याला सगळ्यांसमोर बजावलं, "दगडापुढे फावडं टाकायचं नाही. ते त्यांचं काम."

इतकी वर्षं फुकट राबलो ते राबलो, वर हे ऐकायचं? थोरल्याच्या जिव्हारी लागलं. त्यांचं काम ना, मग करू देत त्यांना. रोज येता-जाता तो वाढणारा खड्डा बघायचा. दोनदा गाडीत माल उरला, तरी तो थांबला नाही. धाकट्याला नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण थोरला रुसून बसला.

राज्याच्या टोळीपर्यंत तो निर्णय पोचलाच नव्हता. धाकट्याला दुसऱ्या टोकाच्या कामावर धाडलं होतं. सांध्याची त्याला काळजी नव्हती, दादा होता ना.

एका संध्याकाळी तो आईला मोटारसायकलवर मागे बसवून थोरल्याकडे आणत होता. दगडापाशी गाडी उसळली आणि आई डोक्यावर पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर धाकटा म्हणाला, "मला वाटलं, तू भरला असशील. म्हणून गाडी हळू केली नाही."

त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. थोरल्याला रडूही फुटेना.

दुसऱ्या आठवड्यात दोघांनी मिळून खड्डा भरला.

धाकटा अजूनही भेटायला येतो. पण दगड आला की गाडीवरून उतरतो आणि ती ढकलत आणतो. थोरला दारातून बघत राहतो. रस्ता आता चांगला आहे, बसून ये, हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?