मुलीचं दुःख, मुलाचं दुःख

ताईला ताई म्हणणारं घरात एकच माणूस होतं, धाकटी बहीण. आईही म्हणायची, पण बाबा आंघोळीला गेले की. बाबांच्या लेखी ती जन्मली तेव्हा मुलगा होती, म्हणजे सतराव्या वर्षीही मुलगाच. एकदा विकलेला माल बदलून मिळत नाही, तसला त्यांचा हिशोब.

ताईला कित्येक महिने धड झोप नव्हती. घशाखाली घास उतरत नव्हता, जगण्यात राम वाटत नव्हता. शेवटी आईने हातापाया पडून बाबांना ताईसोबत दवाखान्यात आणलं. उपचारांची एकच जागा उरली होती, आणि ती 'गंभीर' ठरेल त्यालाच मिळणार होती.

समुपदेशक मॅडमनी ताईची प्रश्नावली तपासली. रडू येतं का, भीती वाटते का, असले प्रश्न. गुण आले चौतीस. मग मॅडम घुटमळल्या.

"तक्ते दोन आहेत," त्या म्हणाल्या. "मुलगे दुःख सहसा कबूल करत नाहीत, म्हणून त्यांच्या तक्त्यात चौतीस म्हणजे गंभीर. मुली करतात, म्हणून त्यांच्यात चौतीस म्हणजे सर्वसाधारण."

"म्हणजे मुलगी असेल तर ठणठणीत?" बाबांनी विचारलं.

"कागदावर, हो."

"आणि मुलगा असेल तर?"

"उद्यापासूनच उपचार. रोज. आठवड्यातून एकदा तुम्हीही यायचं, बसून बोलायला."

"बोलायला? मी? आणि ऑफिसात काय सांगू?" बाबांनी क्षणभर विचार केला. "मग मुलींचाच तक्ता लावा. मुलगीच आहे ती. माझी मुलगी."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

हे दोन शब्द ताईने रडून मागितले होते, भांडून मागितले होते, उपाशी राहून मागितले होते. आज ते न मागता मिळाले, तेही चारचौघांत.

"दोन्हींची सरासरी नाही का काढता येत?" आईने भीत भीत विचारलं.

"काढून पाहिली. ती अर्ध्या गुणाने बरी ठरते."

"अहो, पण तिच्याकडे बघा तरी."

"बघण्याला गुण नसतात हो," मॅडम म्हणाल्या आणि ताईकडे वळल्या. "तूच सांग. तू स्वतःला जे मानतेस, तेच मी धरणार. इथे तुझ्या भावनांचा पूर्ण आदर आहे."

ताईने बाबांकडे पाहिलं. ते तिच्याकडे मायेने बघत होते. सतरा वर्षांत न जमलेली ती माया कोपऱ्याकोपऱ्यातून गोळा करून आणल्यासारखी दिसत होती. एवढी माया घरी न्यायची, तर सोबत ते न झोपणंही न्यावं लागणार होतं.

"मुलगा," ताई म्हणाली.

मॅडमनी तक्ता बदलला. गंभीर. जागा पक्की झाली.

बाबा चिडतील म्हणून आईने डोळे मिटून घेतले. पण बाबांचा चेहरा उजळला होता.

"स्वतःच्या तोंडाने बोलला," ते म्हणाले. "लिहून घ्या. आणि मला एक प्रत द्या, घरी भिंतीवर लावतो."

मॅडमनी प्रत काढली, तिच्यावर शिक्का मारला आणि ताईला उद्या मुलग्यांच्या गटात यायला सांगितलं.