शिवकन्येच्या दातावरचा ब्रॅकेट

मी एक जुना ब्रॅकेट आहे. मित्रांनो, हे नाव तुम्हाला परकं वाटेल, पण दातांना तारा लावलेली मुलं तुम्ही नक्की पाहिली असतील. त्या तारेला धरून ठेवणारा, दाताला चिकटवलेला जो बारीक चौकोनी तुकडा असतो, तोच मी. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. माझ्या पाठीला जाळी आहे, मधोमध तार बसवायला खाच आहे आणि चार कोपऱ्यांना चार बारीक पंख आहेत. या पंखांच्या खाली जे घडलं, ते मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलादाचा रस साच्यात ओतला, घासून चकचकीत केलं आणि डबीत घालून बीडच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथे माझ्यासारखे नाना प्रकारचे भाऊबंद होते. काही दाताच्याच रंगाचे होते. लांबून ते दिसत नसत, पण त्यांचं अंग थोडं खरखरीत. काहींना तार अडकवायला इवलंसं झाकण होतं. वरच्या फळीवर काचेसारखे पारदर्शक साचे होते. ते जेवताना काढून ठेवता येतात आणि नळाखाली धुता येतात. आम्हा चिकटवलेल्यांना ते सुख नाही. एकदा दातावर बसलो, की त्या तोंडातून जे जाईल ते आमच्यावरून जातं आणि जे उरेल ते आमच्या अंगाला लागतं.

२०१८ च्या दिवाळीनंतर मला शिवकन्येच्या दातावर बसवलं. शिवकन्या दहा वर्षांची होती. कडा या गावाजवळच्या एका लहान खेड्यातून ती वडिलांबरोबर, म्हणजे उत्तरेश्वरबरोबर आली होती. ती जन्मली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. ओठ लहानपणीच शिवला होता, पण वरच्या हिरडीत फट राहिली होती आणि ती थेट नाकापर्यंत जात होती. पाणी प्यायलं की थोडं नाकातून बाहेर यायचं. बोलणं नाकात जायचं. शाळेतली मुलं तिची नक्कल करायची, म्हणून ती वर्गात बोलतच नसे.

डॉक्टर रुकसाना मॅडमनी उत्तरेश्वरला समजावलं, "तारेनं दात सरकवून आपण जागा करू. मग पुण्याच्या दवाखान्यात हिच्या कमरेचं थोडं हाड काढून या फटीत बसवतील. भोक बुजेल. पण हिचा सुळा खाली यायच्या आत हे झालं पाहिजे, म्हणजे तो नव्या हाडात नीट उतरेल. धर्मादाय शिबिरात जूनची तारीख मिळाली आहे."

"तुमी म्हणाल तसं करू, मॅडम," उत्तरेश्वर म्हणाला.

मला फटीच्या अगदी काठावरच्या लहान दातावर चिकटवलं. तार माझ्या खाचेत बसवून वरून रबराची बारीक कडी घातली. कड्यांचा रंग शिवकन्येनं स्वतः निवडला होता, जांभळा. आरशात पाहून ती हसली. मला वाटलं, माझं आयुष्य सार्थकी लागलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "रबराच्या कडीला घाण लवकर धरते. प्रत्येक जेवणानंतर ब्रश करायचा आणि खळखळून चूळ भरायची. यात चुकायचं नाही."

त्या वर्षी आमच्या भागात पाऊस नव्हता, त्यामुळे ऊसही नव्हता. साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं. शिवकन्येचे आईवडील ऊसतोडीला सांगलीकडे गेले. घरी ती आणि तिची आज्जी साखराबाई, दोन बैल आणि एक गाय एवढेच राहिले. जानेवारीत गावचा बोअर आटला. मार्चमध्ये दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली आणि आज्जी नातीला घेऊन जनावरांसकट तिथे राहायला गेली. ओळीनं दावणी, वर हिरवी जाळी, सगळीकडे धूळ. दिवसाआड टँकर यायचा आणि ते पाणी जनावरांच्या हौदात जायचं. माणसांना पिण्यापुरतं मिळे.

पहिल्या दिवशी शिवकन्येनं ब्रश करून चूळ भरली, तेव्हा आज्जी ओरडली, "बैल जीभ काढून उभे हायत, आन् तू पाणी थुकतीस कावून?"

त्यानंतर तिनं चूळ भरली नाही. ती कोरडाच ब्रश फिरवायची. ब्रशातच धूळ असायची. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भाकरीबरोबर गूळ, संध्याकाळी पुन्हा चहा. प्रत्येक घासातलं थोडं माझ्या पंखांखाली अडकून राहायचं.

सुरुवातीला माझ्यावर एक मऊ, पांढरा थर आला. बोटानं पुसला असता तरी निघाला असता. दोन दिवसांत तो चिकट झाला. त्यात जंतू वाढत होते. ते माझ्या जाळीच्या कडेला, तारेच्या खाली, सगळ्यात जास्त त्या जांभळ्या रबरावर घर करून बसले. ते गोड खायचे आणि आंबट सोडायचे. तो आंबटपणा माझ्या भोवतीचा दात खाऊ लागला. आधी खडूसारखी पांढरी रेघ उमटली, मग ती माझ्याभोवती कड्यासारखी पूर्ण झाली. हिरड्या सुजून माझ्या खालच्या पंखांवर चढल्या. भाकरीचा तुकडा लागला तरी रक्त यायचं. तोंडाला वास येऊ लागला आणि शिवकन्या आज्जीशीही तोंडावर हात ठेवून बोलू लागली.

मित्रांनो, मला हात नाहीत. मी स्वतःला पुसू शकत नाही. मी तिच्या मदतीला आलो होतो आणि तिचा दात माझ्याच आडोशाला किडत होता. मी नसतो, तर त्या जंतूंना एवढे सांदीकोपरे मिळालेच नसते. हा विचार मला दिवसभर छळायचा.

एप्रिलमध्ये जनावरं शेजारच्या दगडाबाईच्या भरवशावर सोडून आज्जी तिला बीडला घेऊन आली. मॅडमनी तोंड पाहिलं. मग चिमट्यानं एक फुगलेली कडी काढून त्यांनी आज्जीला दाखवली. तिचा जांभळा रंग ओळखू येत नव्हता.

"आजी, असं तोंड असेल तर पुण्याचे डॉक्टर हात लावणार नाहीत. बसवलेलं हाड सडेल. तारीख गेली तर पुढची कधी मिळेल, माहीत नाही. आणि सुळा आपल्यासाठी थांबणार नाही."

"मंग काढून टाका ह्या तारा!"

"काढल्या तर केलेली जागा मिटेल. सगळं फुकट जाईल."

"नगा काढू," शिवकन्या खुर्चीतून म्हणाली. "मी घासते. रोज घासते."

"पाण्याबिगर कशी घासशील ग माय?" आज्जीनं विचारलं.

मॅडमनी सगळी रबरं काढली आणि आम्हाला बारीक तारेनं बांधलं. तारेवर घाण रबरापेक्षा कमी धरते. त्यांनी एक काडीएवढा ब्रश दिला, थेट माझ्या पंखांखाली शिरणारा. तीन आठवड्यांची मुदत दिली.

छावणीत परतल्यावर शिवकन्या तांब्या घेऊन दूध संस्थेच्या चेअरमनसमोर उभी राहिली. त्यांचं नाव सुंदरराव. ते चाऱ्याची पाहणी करत होते.

"चेरमनबाबा, मला रोज तांब्याभर पाणी द्या. दात धुवायला."

तिचं बोलणं नाकात गेलं. "काय म्हणती ही?" त्यांनी बाजूच्या माणसाला विचारलं. कुणीतरी हसलं. शिवकन्येनं तेच पुन्हा सांगितलं. मग तोंड उघडून त्यांना आम्हाला दाखवलं.

सुंदररावांनी पाहिलं आणि मान फिरवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पाणी जनावरांचं हाय, बाई. तुला दिलं तर उद्या पन्नास बाया हंडे घेऊन उभ्या राहतील. मी कुणाकुणाला पुरा पडू?"

ती हौदाच्या कडेला जाऊन बसली आणि रडू लागली. टँकरचा ड्रायव्हर जलालुद्दीन पाइप आवरत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"ए बेटी, इकडं तांब्या धर," तो म्हणाला. "पाइपात उरल्यालं पाणी कुणाच्या यादीत न्हाई."

त्यानं लांबलचक पाइपाचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि तो हळूहळू तिच्याकडे चालत आला. तिच्यापाशी असलेल्या दुसऱ्या टोकातून पाणी घुटक्या-घुटक्यानं तांब्यात पडलं. गढूळ होतं, पण तांब्या भरला. आज्जीनं ते गाळून, मीठ टाकून, तीन दगडांच्या चुलीवर उकळलं.

त्या दिवसापासून प्रत्येक टँकरमागे एक तांब्या आमचा झाला. शिवकन्या मोजून घोट घ्यायची. पहिल्या दिवशी त्या काडीच्या ब्रशानं इतकं रक्त आलं की आज्जीनं तोंड फिरवलं. तरी ती थांबली नाही. आठवड्यानं रक्त कमी झालं. माझे शेजारी एकेक करून चमकू लागले. मलाही ती सगळ्यात जास्त घासायची, पण माझ्या खालच्या कडेला दात आतून पोकळ झाला होता. तिथे कुठलाच ब्रश पोहोचत नव्हता.

मग सलग चार दिवस टँकर आला नाही. चौथ्या दिवशी शिवकन्येचा गाल सुजला आणि अंगात ताप भरला. आज्जीनं स्वतःच्या वाटणीचं पिण्याचं पाणी तिच्या गुळण्यांना दिलं आणि दुपारभर कोरड्या ओठांनी तिच्या कपाळावर हात ठेवून बसली. दुसऱ्या सकाळी मिळेल त्या जीपनं दोघी बीडला आल्या.

"बाकीचं तोंड खूप सुधारलंय," मॅडम म्हणाल्या. "एवढं तू कसं केलंस? पण हा एक दात आता वाचत नाही. तो ठेवला तर ऑपरेशन होणार नाही."

"फटीच्या काठाला माजा तेवढाच एक दात हाय," शिवकन्या म्हणाली. तिनं मॅडमचा हात घट्ट धरला होता. "आजून घासते की मी. चार दिवस द्या."

मॅडमचे डोळे भरून आले. "बाळा, घासण्यात तू कुठंच कमी पडली नाहीस."

मॅडमनी तापासाठी औषध दिलं आणि सूज उतरल्यावर दात काढला. मी त्याच्यापासून सुटलो नाही. किडलेल्या दाताला चिकटलेला मी तसाच चिमट्यात वर आलो. मॅडमनी आम्हाला फेकलं नाही. औषधाच्या पाण्यात घालून काचेच्या बाटलीत ठेवलं. तारा लावायला येणाऱ्या मुलांना त्या आम्हाला दाखवतात.

पुढचं मी बाटलीतूनच ऐकलं. जूनच्या शेवटी पुण्याला ऑपरेशन झालं. हाड धरलं. ऑगस्टमध्ये उत्तरेश्वर आणि आज्जी तिला दाखवायला आले. मॅडमनी ग्लासभर पाणी दिलं आणि ते तिनं सगळं प्यायलं. नाकातून एक थेंब आला नाही. उत्तरेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पण तिच्या उरलेल्या दातांवर खडूसारखे डाग कायमचे राहिले आहेत आणि माझ्या जागी मोकळी जागा आहे.

उठताना आज्जीनं विचारलं, "मॅडम, मी तवा बैलांसाठी पाणी न राखता चूळ भरू दिली असती, तर दात ऱ्हायला असता का?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. "राहिला असता, आजी." मग त्या म्हणाल्या, "आणि बैल जगले असते का?"

आज्जी नातीचा हात धरून निघून गेली.

मित्रांनो, ब्रॅकेट पोलादाचा असो, दाताच्या रंगाचा असो की झाकणाचा, त्याच्यावर थर हा बसतोच. तो मऊ असतो तेव्हा घोटभर पाणी पुरतं. कडक झाला की दात द्यावा लागतो. तुमच्या घरी नळाला पाणी असेल, तर रोज आमच्या पंखांखाली ब्रश घाला, कंटाळा करू नका. आणि तुमच्या वर्गात तारा लावलेली एखादी मुलगी जेवण झाल्यावर तोंडावर हात ठेवून रांगेच्या शेवटी उभी असेल, तर तिच्यावर हसू नका. बाजूला सरका आणि तिला नळावर आधी जाऊ द्या.