चार वर्षं पहिल्याच खाचेत

भंगाराच्या पिंपातून बोलतोय म्हणून मला भंगार समजू नका. मी एका लांब पल्ल्याच्या मोटरसायकलचा मागचा डावा शॉकअप. उजव्या बाजूचा माझा भाऊ माझ्या खालीच पडलाय. तो अबोल, तेव्हा त्याच्या वतीनंही मीच बोलतो. आणि गोड बोलणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात माझ्या पोटात तेल भरलं, अंगावर जाड स्प्रिंग चढवली आणि तिच्या बुडाशी पाच खाचांचं एक कडं बसवलं. ते कडं म्हणजे माझी अक्कल. एकटा माणूस असेल तर पहिली खाच. मागे कुणी बसलं, पेट्या भरल्या, की कडं फिरवून चौथी नाहीतर पाचवी. मग स्प्रिंग ताठ राहते आणि खड्डा आला तरी मी तो आपल्या अंगावर घेतो. फिरवायचा पानासुद्धा सीटखालीच दिलेला असतो.

माझ्या मालकानं तो पाना कधी पाहिलाच नाही. तसा माणूस हौशी. टाकी इतकी पुसायचा की तीत बघून भांग पाडावा. हँडलला जादा दिवे, जाकिटावर सतरा बिल्ले. वळण कसं घ्यावं हे मित्रांना फोनवर तास तास शिकवायचा. माझ्याकडे मात्र कधी वाकून बघितलं नाही. कड्यावर चिखल वाळून दगड झाला.

मागे त्याची बायको बसायची. फिरण्याची खरी आवड तिलाच होती. चढावर ती गुणगुणायची, ते मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायचं. पण दोन माणसं, दोन भरलेल्या पेट्या आणि कडं पहिल्या खाचेत! प्रत्येक खड्ड्याला मी पार तळापर्यंत दबायचो आणि तो दणका थेट तिच्या कमरेत जायचा. दुसऱ्याच वर्षी तिचं गुणगुणणं बंद झालं.

"अहो, जरा थांबा ना. कंबर धरलीय माझी."

"गाडी टेकते ती तुझ्यामुळेच. आरशात बघ एकदा."

नाचता येईना, अंगण वाकडं! नुसतं बोलून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येक सहलीआधी हा गृहस्थ वजनकाटा खाली पार्किंगमध्ये आणायचा. आधी पेट्या काट्यावर, मग बायको. "पेटी चौदा, पेटी तेरा आणि ही अडुसष्ट!" असं मोठ्यानं ओरडून हसायचा. जाणारे-येणारे शेजारी बघायचे. ती मान खाली घालून उतरायची.

तिनं गोड सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं. काटा एकोणसाठवर आला. मी तरी टेकतच होतो. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, जेव पोटभर, दोष तुझा नाही. पण मला तोंड नाही, नुसती करकर आहे.

बायकोत कमी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा खापर माझ्यावर फुटलं. भारीतले नवे शॉकअप मागवले आणि गेल्या आठवड्यात दोघं गॅरेजात आले. मिस्त्री म्हातारा, कमी बोलणारा. मला सोडवण्याआधी त्यानं चिखल खरवडला आणि तो थांबला.

"साहेब, हे कडं पहिल्या खाचेत आहे."

"मग? कंपनीनं दिलं तसंच ठेवलंय. मी उगाच हात लावत नाही."

"कंपनी एकट्याचं लावून देते. मागे ताई बसतात ना? मग वर चढवायचं. दोन मिनिटांचं काम. शॉकअप चांगले आहेत हे."

बाकावर बसलेली बायको उठून जवळ आली. "मिस्त्री, मग माझ्या वजनामुळे..."

"वजन?" मिस्त्रीनं नवलानं तिच्याकडे पाहिलं. "नव्वद किलोचा माणूस बसवा ताई, नाही टेकणार."

"ते जाऊ द्या हो," मालक घाईनं म्हणाला. "जुने बेकारच होते. नवे बसवा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण तिचा चेहरा पाहिला आणि माझा राग मलाच लहान वाटला.

नवे बसले. पिवळ्या स्प्रिंगा, अंगात माज. मिस्त्रीनं टेप काढली. "आता दोघं बसा. किती दबते ते मोजतो आणि तेवढं कडं चढवून देतो."

मालक बसला. ती उभीच राहिली.

"बस ना, आता नाही आदळणार."

"मिस्त्री, एकट्याचं लावा," ती म्हणाली.

"अगं, लोकांसमोर कशाला तमाशा?"

"लोकांसमोर काटा कोण आणत होतं?"

तिनं हेल्मेट बाकावर ठेवलं आणि कमरेला हात लावून सावकाश चालत बाहेर पडली. एकदाही मागं पाहिलं नाही. मिस्त्री टेप धरून तसाच उभा. "साहेब, किती लावू?" मालकानं बाहीनं टाकीवरचा डाग पुसला. मग पुटपुटला, "एकट्याचं."

उद्या मला वितळवायला नेतील. नेऊ देत. जाताना एवढंच मागतो, की कुणी 'दुखतंय' म्हणालं तर त्याला काट्यावर उभं करण्याआधी एकदा स्वतः खाली वाकून बघा.

त्या दिवशी मालक एकटाच निघाला तेव्हा फाटकातल्या खड्ड्यावरून गाडी अलगद गेली. नव्यांनी हूं की चूं केलं नाही. त्यांचं कौतुक मला सांगू नका. एकट्या माणसासाठी मीसुद्धा उत्तमच होतो.