संगणकांच्या खोलीतले बावीस ऑक्टोपस

ट्युनिशियातल्या केरकेना बेटावरच्या त्या शाळेत संगणकांची एक खोली होती, आणि तिची किल्ली मुख्याध्यापक सी लामीन यांच्या खिशात होती. खोली बंद ठेवण्याचे कारण बेटावर कुणालाही पटले असते: मांजरे. गच्चीवर वाळत घातलेला ऑक्टोपस त्यांच्या तावडीतून वाचत नाही. ही खोली मात्र जाळीबंद, थंड आणि कोरडी. म्हणून सी लामीन यांच्या सासूबाईंचे बावीस ऑक्टोपस नेटवर्कच्या केबलींवर ओळीने लटकत होते, आणि त्यांच्या छायेत बारा संगणक प्लास्टिक पांघरून निजले होते.

संगणकाचा तरुण शिक्षक मेहरेझ दोन वर्षे फळ्यावर खडूने कीबोर्ड काढून शिकवत होता. मुले बाकावर बोटे आपटून आपली नावे टाइप करत. चुकले तर बाक पुसत. रोज संध्याकाळी तो त्या खोलीच्या काचेशी थांबे, "सर, किल्ली द्या," एवढे वाक्य मनात जुळवी, आणि ते वाक्य ओहोटीच्या पाण्यासारखे आत आत ओसरत जाई.

मग शिक्षण खात्याकडून एक प्रश्नावली आली. शाळेने आपले डिजिटल शिक्षण आपणच तपासायचे. मुख्याध्यापक, शिक्षक, विद्यार्थी यांनी वेगवेगळे भरायचे. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण. नाव कुणाचेच नाही.

"शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे," सी लामीन यांनी बजावले.

"माझ्या वर्गाकडून मी पाचचा सराव करून घेतलाय," फ्रेंचच्या मादाम रफीका म्हणाल्या. "तीनदा."

'आमच्या शाळेत संगणक नियमित वापरले जातात,' या विधानाशी मेहरेझ बराच वेळ थबकला. नाव नाही, या दोन शब्दांचा आडोसा करून त्याने अखेर एक गुण दिला.

पंधरवड्याने निरीक्षक किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातून बोटीने अहवाल घेऊन आले. शिक्षकांच्या खोलीत चहाचे पेले भरले गेले.

"संगणकांचा वापर," ते वाचू लागले. "विद्यार्थी, पाचपैकी पाच. शिक्षक, चार पूर्णांक सात."

शाळेत सगळे गुण वीसपैकी देत, म्हणून सी लामीन यांनी मनात वीसपैकी हिशेब केला. "एकोणीससुद्धा नाहीत? कुणाचं हे काम?"

"गणितवाल्याचं!" मादाम रफीका म्हणाल्या. "सख्ख्या भाचीला नऊच्या वर देत नाही तो!"

मेहरेझ पेल्यातला पुदिना न्याहाळत राहिला.

"आणि मुख्याध्यापक," निरीक्षकांचा आवाज दाटून आला, "एक. सगळीकडे एक."

निरीक्षक उठून उभे राहिले. "सी लामीन, बत्तीस वर्षं नोकरी केली, पण स्वतःच्या शाळेबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस पाहिला नाही. चला, दाखवा ती संगणकांची खोली."

सी लामीन मेहरेझच्या कानाशी झुकले. "पोरा, एक म्हणजे पहिला नंबर ना?"

"नाही, सर. पाच सगळ्यात वर."

"मग एक?"

"तळ, सर."

ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना पहिला, दुसरा, तिसरा असे ओळीत उभे केले, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग त्या क्षणी उतरला. पण स्तुती होऊन गेली होती. ती परत कशी करणार? किल्ली बाहेर आली, कुलूप कुरकुरले आणि वास आधी बाहेर पडला.

"हे काय?" निरीक्षकांनी नाकावर रुमाल धरला.

"हीच," सी लामीन क्षीण स्वरात म्हणाले, "माझी व्यथा."

तासाभरात मुलांनी व्यथा मिरवणुकीने अंगणात आणली. मागून साऱ्या बेटाची मांजरे अदबीने चालत होती. निरीक्षकांनी स्वतःच्या हाताने किल्ली मेहरेझला दिली आणि ते बोटीकडे निघाले.

"शिक्षकांमधला तो एक," सी लामीन हळूच म्हणाले, "कुणी दिला असेल रे?"

किल्ली तळहातात उबदार झाली होती. दोन वर्षे ओसरत राहिलेले पाणी एकाएकी काठाशी आले.

"मी, सर."

सी लामीन यांचे डोळे आशेने चमकले. "तुलाही पहिला नंबर वाटला?"

"नाही, सर. मला तळच म्हणायचं होतं."

सी लामीन यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अलगद फाटकाकडे वळवले. तिथे काळ्या चादरीतली एक ठेंगणी बाई बोट उगारून ऑक्टोपस मोजत होती, आणि मोजणी एकोणिसावर संपली होती.

"इतका धीर आला आहे ना?" ते म्हणाले. "मग सासूबाईंनाही तूच सांग."