फुली मारलेली ओळ

माझा भाऊ राहुल हुशार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या लालबागच्या चाळीत कोणालाही विचाराल तर तो पहिल्यांदा तेच सांगेल. मी त्याची थोरली बहीण, दीपिका. माझ्याबद्दल चाळ काय सांगते ते पुढे येईलच.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला त्याला डिजिटल लॉजिक नावाचा विषय लागला आणि घरातली माणसं संपली, उरले फक्त शून्य आणि एक. "आई, भात एक, आमटी शून्य," असं म्हणून ताट पुढे करायचा. आई कौतुकाने वाढायची. मी तसं बोलले असते तर पळी बसली असती.

प्रोजेक्ट म्हणून त्याने चाळीच्या पाण्याची मोटर आपोआप चालू-बंद करायचं ठरवलं. तोवर मोटर हाताने चालू करायला लागायची. गच्चीवरची टाकी भरली की वरचा फ्लोट, म्हणजे तो तरंगणारा गोळा, उचलला जायचा आणि मोटर थांबायची. त्यामुळे चाळीत एक रीत पडली होती. मोटरीत काही बिघडलं की एकाने गच्चीवर जायचं, तो फ्लोट उचलून दोरीने बांधायचा, आणि दुसऱ्याने खाली निर्धास्त हात घालायचा. मेन स्विच बंद केला तर पंपाच्या खोलीतला दिवाही जातो, आणि त्या खोलीत भरदुपारी स्वतःचा हात दिसत नाही. माझ्या लहानपणापासून मी 'फ्लोट बांध गो' ही हाक ऐकत आलेय.

राहुलने टाकीत खाली दुसरा फ्लोट बसवला. खालचा पडला की टाकी रिकामी, मोटर चालू. वरचा उचलला की टाकी भरली, मोटर बंद. त्याने जमिनीवर पालथं पडून एक तक्ता काढला होता. दोन्ही फ्लोटची प्रत्येक स्थिती एका ओळीत, आणि ओळीच्या शेवटी मोटरने काय करायचं ते. एका ओळीत वरचा म्हणतो टाकी भरलीय आणि खालचा म्हणतो रिकामी. तिथे त्याने फुली मारली.

"ही काय रे?" मी विचारलं.

"ही ओळ येणारच नाही. येणार नाही तिथे फुली मारायची आणि आपल्या सोयीने एक नाहीतर शून्य धरायचं. मी एक धरला. एक गेट वाचलं."

म्हणजे त्या ओळीत मोटर चालू. कारण एक बारकासा भाग कमी लागत होता.

तोंडी परीक्षेत पद्मजा मॅडमनी तिथेच बोट ठेवलं होतं. "ही ओळ नक्की येणार नाही?" हा म्हणाला, "मॅडम, खाली कोरडं आणि वर पाणी, असं देवाच्या टाकीतसुद्धा होत नाही." वर्ग हसला, मॅडम हसल्या, पैकीच्या पैकी मार्क मिळाले. घरी येऊन त्याने हे सगळं नक्कल करून दाखवलं. सगळ्यात जास्त बाबा हसले.

बाबा दादरला एका शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्टर. गिऱ्हाईक बाबांचं नाव घेऊन यायचं. उजव्या हातात कात्री आली की त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

त्या रविवारी मोटर खडखडायला लागली. मोटर आणि पंप जोडणाऱ्या चकतीतलं रबर झिजलं होतं. मिस्त्री सुट्टीवर, म्हणून बाबा स्वतःच उतरले. मी गच्चीवर गेले, फ्लोट उचलला, दोन गाठी मारल्या. राहुल क्लासला गेला होता.

"बांधलंस काय गो?" खालून हाक आली.

"बांधलंय, बाबा!"

टाकी तेव्हा अर्धी होती. मोटर गप्प होती. मग रविवारची धुणी निघाली, नळ सुटले, पाणी उतरत गेलं. खालचा फ्लोट पडला. बाबांचा हात चकतीत होता.

ती किंकाळी मी लिहिणार नाही. सेक्रेटरी कुशाबाकाकांनी मेन खेचला. लोक खाली धावले आणि मी वर. दोरी जशीच्या तशी होती, दोन्ही गाठींसकट. पण ती बघायला माझ्याशिवाय कोणीच आलं नव्हतं.

बाबांचा अंगठा राहिला. बाकीची बोटं गेली.

"पोरीने दोरी सैल बांधली," कोणीतरी म्हणालं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी चाळ तेच म्हणत होती. आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला माझ्या गाठी माहीत होत्या, तरी मी रोज मनातल्या मनात त्या पुन्हा मारून बघायचे.

बाबा घरी आल्यावर राहुलने मला गच्चीवर बोलावलं. मोटरीची वायर त्याने काढून ठेवली होती. टाकी रिकामी होती, त्याच्या सर्किटच्या डब्यावर मोटर चालू असल्याचा लाल दिवा लागलेला. त्याने वरचा फ्लोट उचलून धरला. दिवा विझायला हवा होता. तो लागलेलाच राहिला. वरचा म्हणतो भरली, खालचा म्हणतो रिकामी, फुलीचीच ओळ.

"ताई," तो म्हणाला आणि रडायला लागला. मला त्याच्या थोबाडीत मारायची होती, आणि त्याला जवळही घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बाबांना सांग. आत्ता."

त्याने सांगितलं, काही न लपवता. मी दारात उभी होते. आई बाबांना भात भरवत होती, तिचा हात थांबला. बाबांनी पट्टीतल्या हाताकडे बघितलं, मग राहुलकडे.

"कोणाक सांगू नको," ते म्हणाले. "लोक तुका धरतले. ती काय, आज ना उद्या लग्न होऊन जातली. तुका हयच ऱ्हवाचा आसा."

आईने पुढचा घास कालवला. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही.

पुढच्या रविवारी चौकात चाळीची बैठक झाली. राहुलने आपला डबा काढून टाकला होता. आता पुन्हा हाताने मोटर, रोज एका घराची पाळी. आमच्या घराचं नाव आलं तशी मी म्हटलं, "मी येईन." कुशाबाकाकांनी मान हलवली. रागाने नाही, अगदी समजुतीने.

"तू नको, पोरी," ते म्हणाले. "तुमच्या घरातून राहुलला पाठवा. त्याला त्यातलं कळतं."

मी राहुलकडे बघितलं. तो माझ्या शेजारीच उभा होता.

"हो, काका," तो म्हणाला.